चंद्रावरचं ऊन

सभागृहाचं दार नऊला उघडणार होतं, पण साडेसातलाच रांग पार्किंग ओलांडून रस्त्याकडेच्या ताडांपर्यंत पोचली होती. रांगेत काठ्या होत्या, चाकांच्या खुर्च्या होत्या. नाकात नळी घातलेले दोन म्हातारे आपापलं ऑक्सिजनचं नळकांडं मागे ओढत उभे होते. डोक्यांवर जुन्या मोहिमांच्या टोप्या, हातांत गोड चहाचे मोठाले ग्लास. कुणीतरी उकडलेल्या शेंगांची पिशवी रांगेतून पुढे सरकवत होतं. फ्लोरिडातला जुलै, सकाळीच सदरे पाठीला चिकटले होते. आणि एवढ्या उकाड्यात ही तीनशे माणसं कशासाठी ताटकळत होती, तर ऊब घेण्यासाठी.

पाम हॅमॉक गावात दर जुलैत अंतराळातल्या वस्तूंचा लिलाव होतो. खाडीपलीकडच्या तळावरून रॉकेट उडतं तेव्हा या गावाच्या खिडक्या थरथरतात, आणि निम्म्या घरांतून कुणी ना कुणी त्या तळावर नोकरी केलेली असते. त्यामुळे माळ्यावर, गॅरेजमध्ये, चपलांच्या खोक्यात काहीबाही सापडतंच. उड्डाणाच्या मनोऱ्याचा एखादा बोल्ट, छातीवर लावायचं कापडी बोधचिन्ह, सह्या केलेला फोटो. एरवी लिलावाला चाळीसेक माणसं येत. पांढरे हातमोजे घालून, डोळ्याला भिंग लावून एकेका बोल्टवर तासभर वाद घालणारी. पण त्या वर्षी, चंद्रावरच्या पहिल्या पावलाला चाळीस वर्षं झाली त्या जुलैत, भिंगवाले कोपऱ्यात ढकलले गेले होते. लोकांना बोल्ट नको होते. त्यांना ब्रदर लायल प्रुएट या फिरत्या उपदेशकाचे चौकोन हवे होते.

ओपल हटो या रांगेत उभी होती ती नाइलाजाने. तिचा धाकटा भाऊ वेंडेल याच्या डाव्या पायाला जखम होती, त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि नेलं नाही तर बसने जाईन म्हणून तो हटून बसला होता. ओपल सहासष्ट वर्षांची. तळावरच्या शिवणखात्यात तिने सदतीस वर्षं काढली होती. यंत्रांवर आणि यानांवर घालायची उष्णतारोधक पांघरुणं ती शिवत असे. एका इंचात किती टाके पडले ते तपासनीस भिंगातून मोजायचा आणि एक टाका कमी भरला तर सबंध तुकडा उसवायला लावायचा. त्या नोकरीने तिला पेन्शन दिलं, वाकडी कंबर दिली, आणि कुठलंही कापड हातात घेतलं की आधी त्याची शिवण चाचपायची खोड लावली.

गाडीत येताना तिने वेंडेलला विचारलं होतं, "सकाळचं इन्सुलिन घेतलंस?"

वेंडेलने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर बघतच म्हणाला, "मंगळवारपासून बंद केलंय."

"कुणाला विचारून?"

"सोमवारच्या प्रार्थनेत ब्रदर म्हणाला, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात श्रद्धा असं चालत नाही. मग त्या उन्हालाच कळत नाही, आपण याला बरं करायचं की नाही."

"उन्हाला कळत नाही," ओपल म्हणाली. पुढचं तिने गिळलं, कारण समोर लाल दिवा लागला होता आणि ब्रेक दाबायचा होता.

हा तोच वेंडेल, जो उड्डाणतळावर तंत्रज्ञ असताना प्रत्येक मापकाच्या काचेवर दोनदा टिचकी मारून मगच काट्यावर विश्वास ठेवायचा. एकदा एका झडपेचा आवाज आवडला नाही म्हणून त्याने उलटी मोजणी थांबवायला लावली होती, आणि त्याचंच खरं निघालं होतं. पण दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. मग पायाची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात आली नाही तर बोटं काढावी लागतील. शिवाय उड्डाणंही आता थोडीच राहिली आहेत, नंतर गावाचं काय होणार, हीच चर्चा रोज न्हाव्याच्या दुकानात. अशा वेळी कुणीतरी येऊन सांगतो की तुझ्या तरुणपणी तू जे चंद्रावर पाठवलंस ते तुला बरं करायला परत आलंय. कुणाला ते खरं वाटावंसं वाटणार नाही?

दार उघडलं. लिलावापूर्वी दोन दिवस वस्तू बघायला ठेवतात, आणि त्या दोन्ही दिवशी प्रुएटने आपल्या टेबलापुढे प्रार्थना ठेवली होती. माणूस उंच, निळा सूट, दात चकचकीत. टेबलावर काळी मखमल आणि मखमलीवर पत्र्याचे दोन डबे. आधी त्याने एका डब्याचं झाकण काढलं, आतली चंदेरी पाकिटं एकेक करून फाडली, त्यांतले तळहाताएवढे पांढरे कापडी चौकोन काढून परत डब्यात ठेवले आणि डबा हातात धरून खुळखुळवत बोलायला लागला. खुळखुळवणं आणि बोलणं, दोन्ही बराच वेळ चाललं.

"बंधूंनो आणि भगिनींनो, चंद्रावरचा दिवस केवढा असतो? आपल्या चौदा दिवसांएवढा. चौदा दिवस सलग ऊन. ढग नाही, सावली नाही, पाप नाही. त्या उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावरचा सूट, त्या सुटाचं बाहेरचं कापड, ते हे. याने ते ऊन पिऊन ठेवलंय. विज्ञानाला हे समजत नाही. विज्ञान फक्त तिथे घेऊन जाऊ शकलं. श्रद्धाळू हातात ते ऊन जागं होतं. संशयी हातात ते झोपून राहतं."

मग माणसं एकेक करून पुढे आली. ज्याच्या हातात चौकोन ठेवला जाई त्याचा चेहरा आधी घट्ट, मग सैल, मग ओला होई. ऊब खरंच होती. एका बाईने चौकोन नवऱ्याच्या छातीवर धरला. ती अर्नेस्टीन ब्लॅलॉक, ओपलच्याच चर्चमधली; नवऱ्याची फुप्फुसं गेलेली. नवरा म्हणाला, आत पोचतंय. सभागृहात हुंदके ऐकू यायला लागले.

वेंडेलने चौकोन घोट्यावर धरला आणि डोळे मिटले. ओपलने त्याला असं शांत बसलेलं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तेच पाहून ती प्रुएटच्या टेबलाकडे वळली.

तिने प्रुएटला विचारलं, हे कापड शिवलं कुठे होतं. तिचा आवाज सौम्य होता, पण प्रश्न ऐकून प्रुएटने तिच्याकडे नीट पाहिलं. मग हसून त्याने दुसऱ्या डब्यातला चौकोन तिच्या हातावर ठेवला. तो गार होता. तिने मूठ मिटली, पाच मिनिटं धरला. गारच.

"भगिनी," प्रुएट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऊन झोपलेलं आहे. त्याचा दोष नाही."

लोक चुकचुकले. अर्नेस्टीनने ओपलच्या दंडावर दयेने थोपटलं. त्या थोपटण्याचा ओपलला सगळ्यांत जास्त राग आला. पण राग आला तरी बोटं आपलं काम करत होती. चौकोनाच्या आत काहीतरी होतं, आणि ते एकसंध नव्हतं. भाजून घट्ट झालेल्या पावाच्या कडेसारखे खडे लागत होते. तिने वेंडेलच्या हातातला गरम चौकोन चाचपला, तर त्यात बारीक वाळूसारखी भुकटी सरकत होती. दोन्हींची शिवण घरगुती मशीनची, टाके विरळ, शेवटी मागेपुढे टाका मारून दोरा तोडलेला. आणि कापड मऊ. चंद्रावर गेलेल्या सुटाचं बाहेरचं कापड काचेच्या धाग्याचं असतं. ते सूट या गावात शिवले गेले नव्हते, पण तसलं कापड ओपलच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलं होतं. ते निसरडं असतं, खाजतं, त्याचे कण कातडीत रुततात. हे तर उशीच्या अभ्र्याचं कापड होतं.

घरी परतताना तिने बोटं नाकाशी नेली. पावसात भिजलेल्या लोखंडी कठड्याचा वास आला.

दुपारी कंबर धरली. सकाळभर उभं राहिल्यावर ती धरणारच होती. ओपलने न्हाणीघरातल्या कपाटातून कंबरेला चिकटवायची शेकपट्टी काढली. औषधाच्या दुकानात मिळते, तीन पट्ट्यांचा डबा सात डॉलरला. चंदेरी पाकीट फाडलं, पट्टी काढली, जरा झटकली आणि कंबरेला लावून स्वयंपाकघरात मक्याची लापशी ढवळायला उभी राहिली. पंधरा मिनिटांनी कंबर छान शेकायला लागली. ओपलचा चमचा भांड्यातच थांबला.

तिने गॅस बंद केला, पट्टी उपटून काढली आणि टेबलावर कात्रीने उभी कापली. आतून काळी भुकटी सांडली. बोटांना तोच वास. फ्रिजच्या दारावरचं संत्र्याच्या आकाराचं चुंबक तिने भुकटीजवळ नेलं, तर भुकटी उडी मारून त्याला चिकटली. मग चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली: लोखंडाची भुकटी, कोळसा, मीठ, पाणी. लोखंडाला हवा लागली की गंज चढतो. गंज चढताना उष्णता निघते. एरवी कुंपणाला गंजायला वर्षं लागतात म्हणून ती जाणवत नाही. भुकटी बारीक केली, मीठ-पाणी घातलं, की तेच काम काही तासांत उरकतं आणि हाताला शेक लागतो. पाकीट बंद असेतो हवा नाही, म्हणून ऊन झोपलेलं. फाडून हलवलं की जागं. आणि सगळं लोखंड गंजून संपलं की आत राहतात ते गार खडे. आधीच्या प्रार्थनांतले जळून गेलेले चौकोन दुसऱ्या डब्यात, संशयी लोकांसाठी.

ओपल खुर्चीत बसली. स्वतःशीच म्हणाली, सात डॉलरला तीन. आणि हसू यायच्या ऐवजी तिला एकदम रडू आलं, कारण वेंडेलची इन्सुलिनची बाटली तीन दिवसांपासून तशीच पडून होती.

संध्याकाळी तिने वेंडेलला घरी बोलावून सगळं मांडून दाखवलं: कापलेली पट्टी, चुंबक, खोक्यावरची अक्षरं. वेंडेलने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या हातात गार पडलं म्हणून जळफळतेस तू."

"वेंडेल, तुझ्या पायाचा वास येतोय."

"ते बाहेर पडतंय. ब्रदर म्हणाला, आधी घाण बाहेर पडते."

मग त्याने हळूच सांगितलं की त्याने आपली वही लिलावाला दिली आहे. ओपलला आधी ऐकूच आलं नाही. ती वही म्हणजे चंद्रावरच्या पहिल्या मोहिमेच्या उड्डाणाच्या दिवशीची तपासणीची वही. प्रत्येक ओळीपुढे वेंडेलच्या हातची खूण, आणि शेवटच्या पानावर, परत आल्यावर त्या तिघा अंतराळवीरांनी केलेल्या सह्या. ती वही विकून येतील त्या पैशांतून त्याला चौकोन घ्यायचा होता. यादी छापून झाली होती.

दुसऱ्या दिवशी ओपल लिलाव पुकारणाऱ्या बर्डेटकडे गेली. बर्डेट हा वाईट माणूस नव्हता. एखाद्या गोष्टीत खोल गेलं की नुकसान होतं हे त्याला अनुभवाने कळलेलं होतं. त्याने यादीतली ओळ दाखवली: "विक्रेत्याच्या सांगण्यानुसार." म्हणाला, मी कुठे म्हणतोय की हे चंद्रावर गेलं होतं? तो म्हणतोय. ओपलने सांगितलं की आत शेकपट्टीची भुकटी आहे. बर्डेट म्हणाला, असेल, पण तुम्ही ते सिद्ध कसं करणार? माल विक्रेत्याचा. मी तो फाडायला देऊ शकत नाही.

"आणि विकत घेतला तर?"

बर्डेटने खांदे उडवले. "हातोडा पडला, पैसे भरले, की वस्तू तुमची. जाळा नाहीतर उशी करा."

ओपलने घरी जाऊन पासबुक काढलं. वादळात उडालेल्या छपरासाठी ठेवलेली रक्कम त्यात होती. तिने ती बराच वेळ पाहिली. मग शिवणाच्या डब्यातून टाके कापायची टोकदार उसवणी काढून पर्समध्ये ठेवली.

शनिवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पहिले अकरा क्रमांक भराभर उरकले. सह्यांचे फोटो, मनोऱ्याचा बोल्ट, एका भिंगवाल्याने घेतलेलं बोधचिन्ह. बाराव्या क्रमांकाला प्रुएट स्वतः मंचावर आला. त्याने डबा खुळखुळवला, एक गरम चौकोन पहिल्या रांगेतून फिरवला आणि आमेनचा गजर झाला. हा पहिला चौकोन, बर्डेट म्हणाला, मागोमाग असे आणखी अकरा आहेत. बोली पाचशे डॉलरवर सुरू झाली.

ओपलने नंबराची पाटी वर केली. तिला पाहून प्रुएटचे दात चमकले. झोपलेलं ऊनसुद्धा जागं होतंय, तो म्हणाला, आणि लोक प्रेमाने हसले. अर्नेस्टीन ब्लॅलॉक बाराशेपर्यंत आली आणि थांबली. टॅम्पाचा एक कर्करोगी माणूस सतराशेवर थांबला. ओपलने एकोणीसशे म्हटलं. वेंडेल पलीकडच्या रांगेतून तिच्याकडे अचंब्याने बघत होता. त्याला वाटलं, ती हे त्याच्यासाठीच घेते आहे. आणि एका परीने ते खरंच होतं.

हातोडा पडला. ओपल मंचावर गेली. लिलाव संपेपर्यंत थांबा, हिशेब नंतर, असं बर्डेट पुटपुटला. पण ओपलने तिथेच मंचावरच्या मेजावर चेक लिहिला, त्याची पावती मागून घेतली आणि पावती घडी करून ब्लाउजच्या खिशात ठेवली.

मग तिने ध्वनिक्षेपक आपल्याकडे वळवला. सदतीस वर्षांत ती कधी चार माणसांपुढे बोलली नव्हती. तिचा आवाज पहिल्या वाक्याला फाटला, दुसऱ्याला सरळ झाला.

"मी ओपल हटो. तळावरच्या शिवणखात्यात होते, तुमच्यापैकी पुष्कळजण मला ओळखता. ही वस्तू आता माझी आहे. माझ्याकडे पावती आहे. मी हिची शिवण उसवणार आहे."

प्रुएट झटकन पुढे आला. त्याने हात पसरला आणि खोल आवाजात म्हणाला की भगिनी, ते पवित्र आहे. ओपल म्हणाली, "बाजूला व्हा. मी पैसे मोजलेत." दाराशी पोलीस उभा होता, त्याने बर्डेटकडे पाहिलं. बर्डेटने मान खाली घातली, आणि पोलीस दाराशीच थांबला. एवढं पुरेसं होतं.

उसवणीची चोच टाक्याखाली गेली. चार टाके, आठ टाके. ओपलने चौकोन मेजावर उलटा केला. काळी भुकटी ढीग करून पडली. पहिली रांग बघायला पुढे झुकली.

प्रुएट मात्र हुशार होता. क्षणात त्याने आवाज सावरला. "बघा. संशयाचा हात लागला आणि उन्हाची राख झाली. तुमच्या डोळ्यांदेखत."

काही लोकांनी मान डोलावलीसुद्धा. ओपलने पर्समधून शेकपट्टीचा डबा काढला, औषधाच्या दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. सगळ्यांसमोर चंदेरी पाकीट फाडलं, पट्टी कापली आणि पहिल्या ढिगाशेजारी दुसरा ढीग केला. मग फ्रिजवरचं चुंबक पहिल्या ढिगावरून फिरवलं. त्याला काळी मिशी फुटली. दुसऱ्या ढिगावरून फिरवलं, तशीच मिशी.

"ब्रदर," ती म्हणाली, "हेसुद्धा चंद्रावरून आलं का? मी मेन स्ट्रीटवरून आणलं. सात डॉलरला तीन."

मागे कुणीतरी हसलं. मग ओपलने लोखंड, मीठ, हवा, गंज हे सगळं साध्या शब्दांत सांगितलं, जसं ती नव्या मुलींना टाका शिकवायची तसं. डबा आधी का उघडायचा, खुळखुळवायचा का, उपदेश लांब का, दुसऱ्या डब्यातले चौकोन गार का. शेवटी तिने कापडाचा कोपरा चिमट्यात धरून त्याला लायटर लावला. कोपरा पेटला आणि वितळून ठिबकला. चंद्रावर पाठवायचं कापड आम्ही आगीत धरून बघत होतो, ती म्हणाली. ते पेटत नाही. पेटलं असतं तर माणसं परत आली नसती. आम्ही ती माणसं परत आणली. प्रार्थना आम्हीही करत होतो, पण टाके मोजून झाल्यावर.

तळावरून निवृत्त झालेले म्हातारे तोवर बसूनच होते. आता एकेकाला उभं राहावंसं वाटू लागलं. एकाने मंचावर येऊन भुकटी बोटाने चाखली आणि थुंकून म्हणाला, खारट आहे. दुसऱ्याने प्रुएटच्या दुसऱ्या डब्यातला चौकोन मागितला. प्रुएट घाईने दोन्ही डबे आवरायला लागला. आवरताना पहिल्याचं झाकण निसटलं आणि चंदेरी पाकिटांची चळत जमिनीवर पसरली. चौकोन बाराच होते असं तो तीन दिवस सांगत होता. पाकिटं पन्नासच्या वर होती.

पोलीस दाराशी होता तो आत आला. प्रुएट बोलत राहिला, दात दिसत राहिले, पण आता कुणी ऐकत नव्हतं.

सगळ्यांनीच ओपलला धन्यवाद दिले असं नाही. अर्नेस्टीन ब्लॅलॉक मंचाच्या पायरीशी आली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि राग संपल्यावर काय उरेल याची भीती होती.

"तुला माहीत आहे का तू काय केलंस? दोन दिवस तो शांत झोपला होता. दोन दिवस. ते खोटं होतं तर असू दे ना. तुझं काय जात होतं?"

ओपल मंचावरून खाली उतरली आणि अर्नेस्टीनच्या समोर उभी राहिली.

"ऊब हवी असेल तर घे ना. सात डॉलरला मिळते. मी स्वतः रोज लावते. छातीवर लाव, पायावर लाव, बरं वाटतं. पण ती ऊब विकताना त्याने माझ्या भावाचं औषध सोडायला लावलं. तुझ्या नवऱ्याचं काय काय सोडायला लावलं, ते तुलाच माहीत."

अर्नेस्टीन हळू आवाजात म्हणाली, श्वासाचा पंप. बुधवारपासून.

"मग घरी जा आणि आधी तो दे," ओपल म्हणाली. अर्नेस्टीन गेली. धावतच गेली.

वेंडेल आपल्या जागेवरून उठला नव्हता. उठता येत नव्हतं. ओपल जवळ गेली तेव्हा त्याचं कपाळ तापलेलं होतं आणि जीभ कोरडी पडून शब्द अडखळत होते. तिने गाडी थेट हॉस्पिटलच्या दाराशी लावली. साखर इतकी चढली होती की नर्सने यंत्र खराब असेल म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तोच आकडा दाखवला, तो वेंडेलने पडल्यापडल्या पाहिला.

पाय वाचला. दोन बोटं गेली. इन्सुलिनविना काढलेल्या त्या पाच दिवसांमुळे ती गेली असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले नाहीत, आणि तसं नाही असंही म्हणाले नाहीत. वहीचं सांगायचं तर ती वेंडेल हॉस्पिटलात असतानाच विकली गेली. यादी छापली की विक्रेत्याला माल मागे घेता येत नाही, बर्डेटचा नियम. ती ओहायोच्या एका संग्राहकाने घेतली. तो भला निघाला. हॉस्पिटलात येऊन वेंडेलच्या खाटेशी बसला आणि प्रत्येक पानावरच्या खुणेचा अर्थ विचारत राहिला. वेंडेल दोन तास बोलला. वही मात्र ओहायोला गेली ती गेलीच.

ओपलचे एकोणीसशे बर्डेटने परत केले, बाकीचे अकरा चौकोन त्याच दिवशी यादीतून काढले आणि पुढच्या वर्षीपासून "विक्रेत्याच्या सांगण्यानुसार" ही ओळही काढून टाकली. प्रुएटच्या फिरत्या घरात पोलिसांना एक शिलाई मशीन, पाकिटं हवाबंद करायचं छोटं यंत्र, अभ्र्यांचा एक गठ्ठा आणि शेकपट्ट्यांची घाऊक खोकी सापडली. त्याला दंड झाला, थोडी शिक्षा झाली. सुटल्यावर तो दुसऱ्या राज्यात गेला म्हणतात. नवीन डबा आणि नवं ऊन शोधायला त्याला वेळ लागला नसेल.

वेंडेल महिनाभर बहिणीशी धड बोलला नाही. एका रविवारी तिच्याकडे मासे खायला आला, आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "मापकावर टिचकी मारायला मी कसा विसरलो ग?"

"तू थकला होतास," ओपल म्हणाली. "थकलेल्या माणसाला कुणीही फसवू शकतं. म्हणून तर ते थकलेल्यांकडेच येतात."

ही गोष्ट खाडीकाठच्या त्या गावातली असली तरी तसले डबे कुठेही खुळखुळू शकतात. कुणी तुम्हाला सांगितलं की या वस्तूत शक्ती आहे आणि ती फक्त श्रद्धाळूलाच कळते, तर तिथेच थांबा. खऱ्या गोष्टीला तुमच्या श्रद्धेची गरज लागत नाही. लोखंड आस्तिकाच्याही हातात गंजतं, नास्तिकाच्याही. हातात घ्या, चाचपा, वास घ्या, आत काय आहे ते विचारा. आणि उघडून दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. त्याच्या सांगण्यावरून तर आपलं औषध एक दिवससुद्धा सोडू नका.